माया व इतर सहा

माणसाचं मोठेपण त्यानं किती जणांना जेवायला बोलावलं यावर ठरतं. बोलावलेल्यांपैकी किती जणांना आत येता आलं हा वेगळा विषय आहे, आणि तो मोठेपणाच्या खात्यात धरण्याची पद्धत नाही.

हे तत्त्व आमच्या भागात सगळ्यांत आधी उमगलं ते तासगाव रस्त्यावरच्या 'हॉटेल मानाचा तुरा'चे मालक लालासाहेब यांना. तालुक्यात 'दिव्यांग-स्नेही भोजनालय' असा सन्मान सुरू होणार असल्याचं कानावर येताच त्यांनी गल्ल्यावरचा पॅड ओढला आणि मटणाच्या हिशेबाच्या पाठीमागं आपल्याला काय मिळेल ते मांडलं. एक सन्मानचिन्ह, काचेचं. एक फेटा. सांगलीत व्यासपीठावर खुर्ची, शक्यतो पुढच्या रांगेत. पेपरात फोटो. दर्शनी बाजूला वीस वर्षं वादात असलेला पाच फुटांचा ओटा 'रॅम्प' या नावानं कायमचा पदरात. त्यावर मोठा फलक, सरकारी चिन्हासकट. खर्चाच्या बाजूला पाच पोती सिमेंट आणि घरच्या न्हाणीघरातून उरलेली फरशी. फायदा उघड होता. दिव्यांग माणूस या हिशेबात जमेलाही नव्हता आणि खर्चालाही नव्हता. पण तो आजवर गल्ल्यापर्यंत आलाच नव्हता, तर पॅडवर कुठून येणार?

रॅम्प आठ दिवसांत झाला. नियम असा आहे की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. हॉटेलचं जोतं तीन फूट. म्हणजे छत्तीस फूट झाले. पाच फुटांच्या पुढं पानपट्टी असल्यामुळं (आणि पानपट्टीवाला मेव्हणा असल्यामुळं) लालासाहेबांनी नियमाचा आदर राखून पाच फुटांत विषय संपवला. चढ साधारण कोयनानगरच्या घाटाइतका आला, फक्त वळणं नाहीत. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत असल्यानं रोज सकाळी पाणी मारलं की तीत लालासाहेबांना स्वतःचं तोंड दिसे, आणि ते दिव्यांगांसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात दिसे.

पहिल्या महिन्यात रॅम्पचा वापर पुढीलप्रमाणे झाला. गॅसच्या टाक्या: बावीस वेळा. लग्नाच्या वरातीतले स्पीकर, जेवायला थांबलेल्या पोरांनी विसाव्याला ठेवलेले: एकदा. शेळी: रोज. गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली: अखंड (सावली त्याच बाजूला पडते). चाकाची खुर्ची: एकदा, आणि तीत वाढपी धुळा बसला होता. लालासाहेबांना रंगीत तालीम घ्यायची होती. चाळिशीचा, अंगानं भरलेला धुळा खुर्चीत बसला, दोघांनी ढकलला, निम्म्या चढावरून उलटा आला आणि पानपट्टीच्या बरणीवर जाऊन थांबला. तालीम समाधानकारक झाली, अशी नोंद आहे.

दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृहही तयार होतं. ते स्वच्छ राहावं म्हणून त्याला कुलूप होतं, आणि जागा फुकट जाऊ नये म्हणून आत कांदा होता.

सन्मान द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी तालुक्यानं चौघांची समिती नेमली होती. अध्यक्ष होते सुभेदार हंबीरराव, फौजेतून निवृत्त. देशासाठी अठ्ठावीस वर्षं दिल्यावर उरलेला वेळ ते समित्यांना देत. त्यांच्याकडं शंभर मार्कांचा छापील तक्ता होता. रॅम्प असल्यास वीस (उतार मोजण्याचा रकाना नव्हता). फलक असल्यास पंधरा. स्वच्छतागृह असल्यास वीस. 'दिव्यांग व्यक्ती व कुटुंबास मोफत भोजन दिले जाते काय?' याला दहा. आणि शेवटी, तिरक्या अक्षरांत: 'तपासणीच्या दिवशी दिव्यांग व्यक्ती प्रत्यक्ष जेवताना आढळल्यास' पंचवीस.

या पंचवीस मार्कांनी लालासाहेबांची झोप उडवली. हॉटेलात सगळं होतं. फक्त दिव्यांग नव्हता.

आता त्याच रस्त्यावर, हॉटेलपासून अर्ध्या किलोमीटरवर राहणाऱ्या एका घराची माहिती देणं आवश्यक आहे. बिरदेव, त्यांची बायको सुलाबाई आणि मुलगी माया. बिरदेवांच्या वडलांनी मेंढरं राखली. बिरदेव जतच्या बाजूनं इकडं येऊन स्थिरावले आणि आता दुसऱ्यांच्या द्राक्षबागा राखतात. सुलाबाई शेडवर बेदाणा निवडायला जातात. माया बावीस वर्षांची. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत. बाकी सगळं चालतं, जीभ जरा जास्तच.

गावाचा या कुटुंबावर अतिशय जीव आहे. पुरावा आकड्यांत देता येईल. गेल्या चार वर्षांत गावात जी लग्नं, बारशी, वास्तुशांती आणि जत्रेची जेवणं झाली त्या प्रत्येकाचं आमंत्रण या घराला आलं, आणि प्रत्येक आमंत्रणाच्या पाठोपाठ निरोप आला: "पोरीला कशाला तरास? डबा पोचवतो की." त्याप्रमाणे डबा पोचला. एकूण एक्केचाळीस डबे. पंगतीत बसण्याचे प्रसंग: शून्य. सगळे डबे फिके होते, कारण पाय अधू असले की जीभही अधू असते, असा गावाचा वैद्यकीय समज आहे.

डब्याच्या बाबतीत आपल्याकडं एक रीत आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. कुणी साखर घालतं, कुणी गुळाचा खडा. सुलाबाई बेदाणे घालायच्या, मजुरीतून विकत घेतलेले, दर वेळी पावशेर. म्हणजे एक्केचाळीस डबे आले आणि सव्वादहा किलो बेदाणा गेला. गाव या घराला खाऊ घालतं असं सगळे म्हणत. तराजू कुणी लावला नव्हता. लावला तो मायानं, कारण तिला तशी सवय होती. बेदाण्याच्या एका शीतगृहाच्या ऑफिसात तिला नुकतीच आवक-जावक लिहायची नोकरी लागली होती.

पहिला पगार हातात आला, साडेनऊ हजार. त्या संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं.

"आप्पा, रविवारी हाटेलात जेवायचं. तुमी, आई आन मी. मटण थाळी. बिल मी देनार."

"हाटेलात?" सुलाबाई म्हणाल्या. "आगं, वर चढायचं कसं?"

"उचलून न्हेतो की," बिरदेव म्हणाले.

"उचलायचं न्हाई. त्येनी रॅम्प केलाय. फलक लावलाय केवढा! आन एक ध्यानात ठेवा, बिल मी देनार. कुणी कायबी म्हनूं द्या. फुकट खाऊन खाऊन माजं पोट फुगलंय."

मागणी एवढीच होती. आईबापाला समोर बसवायचं, तिखट खायचं आणि उठताना स्वतः पैसे मोजायचे. बाविसाव्या वर्षी बहुतेकांनी हे इतक्यांदा केलेलं असतं की त्याला मागणी म्हणत नाहीत.

तो रविवार तपासणीचा निघाला.

सकाळपासून रॅम्पवरच्या मोटरसायकली हटवल्या होत्या, शेळी बांधली होती, फरशीवर दोनदा पाणी मारलं होतं. साडेबाराला समितीची जीप आली, आणि पाऊण वाजता रस्त्यानं खुर्चीत बसून माया येताना दिसली, मागं बिरदेव आणि सुलाबाई. लालासाहेब फरशीवरून घसरतच रस्त्यावर आले. पंचवीस मार्क स्वतःच्या चाकांवर चालत आले होते.

"या या या! आवं बिरदेव, किती दिसानं! आन पोरीला बी आणलं? वा!"

"त्येनी न्हाई आणलं," माया म्हणाली. "मी आणलंय त्यास्नी."

बिरदेवांनी खुर्ची रॅम्पवर घातली. ती दोन फूट वर गेली आणि आल्या वाटेनं परत आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी सुभेदार हंबीररावांमधला जवान जागा झाला.

"फॉलिन! चौघं चार कोपऱ्याला. धुळा, तू म्होरं. एक, दोन..."

"आवं थांबा!" माया ओरडली. "आधी मला इचारा तरी!"

"घाबरू नगंस पोरी. सियाचीनला ह्याच्या दुप्पट ओझी उचलल्यात."

ओझं उचललं गेलं. पहिल्या खेपेला फोटोत हंबीररावांचा फेटा कापला गेला म्हणून खुर्ची खाली आणून पुन्हा वर नेली. दुसऱ्या खेपेला लालासाहेबांचे डोळे मिटले. तिसरी खेप सर्वांना पसंत पडली. त्या फोटोत चौघे पुरुष खुर्ची खांद्याजवळ धरून रॅम्पशेजारच्या तीन पायऱ्या चढताना दिसतात, कोपऱ्यात मायाची एक चप्पल खाली पडलेली दिसते, आणि पेपरातली ओळ अशी आहे: 'रॅम्पमुळे दिव्यांगांना सुलभ प्रवेश'.

आत 'दिव्यांग-स्नेही' अशी चिठ्ठी चिकटवलेलं टेबल होतं. ते जमिनीत पक्कं रोवलेलं होतं आणि त्याला बाकही जोडलेले होते, त्यामुळं खुर्ची त्याखाली जाईना. ती येण्या-जाण्याच्या वाटेत आडवी लागली. बिरदेव आणि सुलाबाई एका बाकावर बसले. उरलेल्या जागेवर फोटोसाठी समितीचे चौघं बसले आणि मग उठायचे राहिले. धुळा ऑर्डर घ्यायला आला. त्यानं मायाकडं बघितलं आणि बिरदेवांना विचारलं,

"ती काय खानार? अळणी आणू का?"

"तिला इचार की," माया म्हणाली. "ती हितंच बसलीया."

धुळानं पुन्हा बिरदेवांकडं बघितलं.

"तांबडा रस्सा आण," माया म्हणाली. "झणझणीत. वर कांदा-लिंबू. कांदा कुठं ठेवलाय ते ठावं हाय ना?"

जेवण झालं. मटण चांगलं होतं; त्याबद्दल वाद नाही. समितीनं रस्सा जादा घेतला, तोही थाळीत मोफत असतो. मायाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सुलाबाई म्हणाल्या, "सावकाश खा गं," आणि स्वतःच आणखी एक भाकरी मागितली. तपासणीच्या तक्त्यात याला मार्क नव्हते.

मग माया म्हणाली, "लालाकाका, बिल आणा."



"बिल?" लालासाहेब म्हणाले. "तुजं? छ्या छ्या! आगं लेकीसारखी तू..."

"तुमची थोरली लेक गेल्या महिन्यात मैत्रिणी घिऊन आलती, तवा तिनं दिलं की पैसं. मी बघितलंय, रस्त्यावनं."

"ती येगळी."

"कशी?"

लालासाहेबांनी अध्यक्षांकडं बघितलं. हंबीररावांनी चष्मा लावून तक्ता पुढं ओढला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं,

"पोरी, हे बघ. मोफत भोजन, धा मार्क. तू पैसं दिलंस तर लालाचं धा मार्क जात्यात. तुज्या एका हट्टापायी आख्ख्या हाटेलचं नुसकान. तुमच्याच लोकांसाठी चाललंय न्हवं हे समदं?"

"आमच्या लोकांसाठी?"

"मंग!"

"आन मला द्यायचंच आसंल तर?"

"फारममधी तसा रकाना न्हाई."

बिरदेव हळूच म्हणाले, "जाऊ दे माया. सायेब म्हनत्यात तर..." मायानं पिशवीतून काढलेलं पाकीट मांडीवर तसंच राहिलं. ते तिनं त्याच सकाळी घेतलं होतं, लाल रंगाचं.

नियमानुसार एक सही राहिली होती. लालासाहेबांनी 'दिव्यांग लाभार्थी भोजन नोंदवही' समोर ठेवली (नवी कोरी, पहिलंच पान). तीत लिहिलं होतं: 'लाभार्थी: माया व इतर सहा. थाळ्या सात. मोफत.'

माया आवक-जावक लिहिणारी मुलगी. तिनं सही करण्याआधी आकडा वाचला.

"आमी तिघं हाय. इतर सहा कोन?"

"त्ये आपलं," लालासाहेब म्हणाले, "एकाच टेबलावर हुते समदे. कमिटीचं येगळं कशाला लिवायचं? जरा बरं दिसत न्हाई. तुज्यात घातलं."

"म्हंजी सुभेदारकाका माज्यात?"

"कागदावर गं."

अशा रीतीनं अध्यक्ष सुभेदार हंबीरराव आणि समितीचे तीन सन्माननीय सदस्य त्या दिवसापुरते दिव्यांग लाभार्थी झाले. मायानं सही केली. अक्षर सुरेख होतं.

निघताना लालासाहेबांच्या आई, धोंडुबाई, गल्ल्यावरून हाक मारत्या झाल्या. वय बहात्तर, गुडघे गेलेले, पण नजर गल्ल्यावर पक्की. "पोरगी पयल्यांदा दारात आली. रिकामी कशी धाडू?" असं म्हणून त्यांनी स्टीलच्या डब्यात चार भाकऱ्या आणि सुकं मटण भरून दिलं. हा बेचाळिसावा डबा.

मायानं तो मांडीवर घेतला आणि त्या दुपारी दुसऱ्यांदा हसली.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ती डबा परत करायला गेली. सुलाबाई खुर्ची ढकलत होत्या. तपासणी होऊन गेली होती, त्यामुळं रॅम्पवर मोटरसायकल होती. पायथ्याशी दुसरी होती, तिला टेकून तिसरी. धुळा बाहेर आला.

"डबा दे हिकडं, मी न्हेतो."

"तुज्याकडं न्हाई. ज्यांनी दिला त्यास्नीच देनार. आजीला बोलाव."

धोंडुबाई आल्या. तीन पायऱ्या उतरायला त्यांना चार मिनिटं लागली, एक हात भिंतीला आणि एक धुळाच्या खांद्याला. (नियमातल्या रॅम्पवरून त्यांना सोपं गेलं असतं, असं कुणाच्या मनात आलं नाही, म्हातारपण हे दिव्यांगांच्या यादीत येत नाही, आणि वाट मोकळीही नव्हती.) मायानं दोन्ही हातांनी डबा दिला. धोंडुबाईंनी झाकण उघडलं. वर मूठभर बेदाणे होते, खाली नोटा, आणि चिठ्ठी: 'थाळ्या सात, दर तीनशे पन्नास, एकूण दोन हजार चारशे पन्नास. मिळाले.' पावती तिनं स्वतःच लिहून आणली होती. फक्त सहीची जागा मोकळी होती.

लालासाहेब धावत बाहेर आले. "आये, परत दे त्ये! मार्क जातील माजं!"

"गप रं," धोंडुबाई म्हणाल्या. "भांड्यात घालून आलेलं परत देत्यात व्हय? कुनी शिकवलं तुला? आन सात थाळ्या गेल्यात की न्हाई आपल्या? मंग!"

त्यांनी तिथंच, धुळाची पाठ टेबलासारखी वापरून, पावतीवर अंगठ्याइतकी जाड सही केली. मग मायाच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, "रस्सा कसा हुता गं?"

"तिखट कमी हुतं आजी."

"मीबी त्येच म्हनते. पर ऐकतोय कोन."

आता प्रशासकीय अडचण उभी राहिली. समितीच्या नियमावलीत, पान तीनवर, असं आहे की 'सदस्यांनी लाभार्थीकडून कोणत्याही प्रकारचा पाहुणचार स्वीकारू नये.' आणि इथं तर चौघंही लाभार्थीच्या पैशानं जेवले होते, वर रस्सा जादा. हंबीररावांनी तातडीची बैठक बोलावली. पैसे परत करावेत, अशी एक सूचना आली. पण चौघांनी प्रत्येकी साडेतीनशे काढायचे म्हटल्यावर ती सूचना कुणी मांडली होती हे कुणालाच आठवेना. अखेर एकमतानं ठराव झाला की सदर रक्कम ही कुमारी माया यांनी दिव्यांग कल्याणासाठी दिलेली देणगी समजावी, आणि देणगीदार म्हणून त्यांचा सत्कार करावा.

सत्कार सांगलीत, सन्मान सोहळ्यातच ठेवला. 'मानाचा तुरा'ला शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क पडले. नऊ कापले, कारण पैकीच्या पैकी दिले की लोकांना संशय येतो. लालासाहेबांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. व्यासपीठाला सात पायऱ्या होत्या. म्हणून मायाला येण्याचा त्रास न देता तिची शाल आणि नारळ एका ताटात घालून घरी पोचवण्यात आले.

ताट सुलाबाईंनी दुसऱ्या दिवशी परत केलं. रिकामं नाही.

जमाखर्च येणेप्रमाणे. लालासाहेब: पॅडवर मांडलेलं सगळं मिळालं, वर दोन हजार चारशे पन्नास रोख. समिती: जेवण चार, खर्च शून्य. गाव: भांडी त्रेचाळीस गेली, त्रेचाळीस आली, आणि त्याबरोबर सुमारे पावणेअकरा किलो बेदाणा, तो कुठल्या कुठल्या शिऱ्यात गेला याची नोंद नाही, पण गावात गोड खाणाऱ्यांची संख्या पाहता फारसं कुणी सुटलं नसावं. माया: सात थाळ्यांचे पैसे भरले, जेवली एक. धोंडुबाईंच्या सहीची पावती तिनं ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. त्या रविवारनंतर ती एकदाही हॉटेलात गेलेली नाही, कारण रॅम्प मोकळा नसतो.

राहता राहिली मंगळवारची मोटरसायकल. तिचा मालक आत बसून एक थाळी जेवला, बिल दिलं, धुळाला दहा रुपये वर दिले, आणि बाहेर येऊन फलकाकडं बघत "लय चांगलं काम केलंय राव" असं म्हणाला. गाडीचा नंबर इथं दिलेला नाही. त्या दिवशी तीन गाड्या होत्या, दुसऱ्या दिवशी चार, आणि आपणही त्या रस्त्यानं जाता-येता जेवायला थांबता. दोनच मिनिटांसाठी लावली होती, हे मान्य. सावली त्याच बाजूला पडते, हेही मान्य. आपल्या जेवणाचे पैसे आपणच दिलेत, याबद्दल तर कुणाचीच तक्रार नाही. जागेचे कुणी भरले, ते वर लिहिलं आहे.